अ‍ॅलर्जीची इंजेक्शने आणि दोन उशा

अ‍ॅलर्जीची इंजेक्शने घ्यावीत का, हे विचारायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते. ज्या पदार्थाने आपल्याला त्रास होतो, तोच अंगात टोचून घेतला आणि काही विपरीत झाले तर? धास्ती निराधार नाही. परंतु हा धोका केवळ औषधात नसतो; रुग्ण स्वतःविषयी काय सांगतो आणि काय लपवतो, यावरही तो पुष्कळ अवलंबून असतो. एका शिक्षिकेच्या बाबतीत मला हे फार जवळून पाहायला मिळाले. त्यांना येथे सुनंदाताई म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई पस्तिशीच्या, पुण्यात शाळेत शिकवणाऱ्या. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागे, नाक वाहे, आणि अंथरुणे झटकली की त्रास दुप्पट होई. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सूचनेनुसार काही दिवस बंद ठेवून त्यांनी त्वचेवरची चाचणी करून घेतली होती. त्यात घरच्या धुळीतील माइट, म्हणजे गाद्या-उशांत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव, यांची अ‍ॅलर्जी ठळकपणे दिसली. गाजरगवताच्या परागकणांनाही थोडी गांधी उठली होती; पण त्यांचा त्रास त्या गवताच्या हंगामाशी जुळत नसल्याने डॉक्टरांनी ते औषधात घेतले नाही. चाचणीत जे जे उमटते ते सगळे टोचायचे नसते, हे अनेकांना ठाऊक नसते.

त्यांनी प्रश्न वहीत लिहूनच आणले होते. पहिला प्रश्न होता, "यात स्टेरॉइड असते का?" हा गोंधळ फार जुना आहे. शिंका थांबाव्यात म्हणून काही ठिकाणी कमरेत जे इंजेक्शन देतात आणि ज्याने काही आठवडे एकदम आराम पडतो, ते बहुधा दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड असते. लोक त्यालाही अ‍ॅलर्जीचेच इंजेक्शन म्हणतात. येथे मात्र ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्या पदार्थाचा शुद्ध अर्क दंडाच्या त्वचेखाली, अगदी अल्प मात्रेपासून वाढवत नेत दिला जातो, म्हणजे शरीराला त्याची हळूहळू सवय होते. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांवर हा उपाय करून १९११ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली होती. म्हणजे पद्धत काही कालपरवाची नाही.

बोलता बोलता मी त्यांचा अर्ज चाळत होते. ‘दमा आहे का?’ या प्रश्नापुढे ठसठशीत ‘नाही’ लिहिलेले होते. या रकान्यावर मी कधीच पूर्ण विश्वास ठेवत नाही, म्हणून सहज विचारले, "रात्री झोप कशी लागते?"

"दोन उशा लागतात. पहाटे खोकला येतो, छातीत जरा शिट्टी वाजते. उठून बसले की बरे वाटते."

"मग पंप घेता का?"

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. लग्न ठरले तेव्हा आईने बजावले होते की बाळदम्याचा विषय काढायचा नाही. बारा वर्षे पंप कपाटात साड्यांच्या घडीत होता आणि अगदी असह्य झाले तरच, न्हाणीघरात जाऊन त्या तो ओढत होत्या.

मी त्यांना बोल लावला नाही. आपल्याकडे मुलीच्या दम्याचे काय होते हे मलाही ठाऊक आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली. या इंजेक्शनांनी क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते, आणि ती जिवावर बेतण्याची भीती आटोक्यात नसलेल्या दम्यात सर्वाधिक असते. डॉक्टरांनी त्याच दिवशी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकण्याची चाचणी करवली आणि इंजेक्शने पुढे ढकलली. नियमित पंप सुरू झाला. "पंपाची सवय लागते हो," ही त्यांची तक्रार होती. जिला वर्षानुवर्षे सुई टोचून घ्यायची तयारी आहे, तिला पंपाची भीती वाटावी, याचे मला आजही नवल वाटते. असेच मौन रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही आढळते; त्यांतील बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर प्रतिक्रिया आल्यावर द्यावयाचे अ‍ॅड्रिनॅलिन नीट लागू पडत नाही, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी सांगावी लागते. गर्भधारणेचा विचार असल्यास तोही आधीच बोलावा, कारण गरोदरपणात हे उपचार नव्याने सुरू करत नाहीत.

आणखी एक अट मी घातली: घरात निदान एका माणसाला सगळे ठाऊक हवे, कारण काही वेळा त्रास घरी गेल्यावर सुरू होतो. पुढच्या भेटीला त्यांचे यजमान सोबत आले. "मला वाटायचे, हिला उंच उशीच आवडते," एवढेच ते म्हणाले.

अडीच महिन्यांनी, श्वास स्थिर झाल्यावर, पहिले इंजेक्शन दिले. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला, नंतर साधारण महिन्याला एक, असे एकूण तीन ते पाच वर्षे चालते, आणि फरक जाणवायला कित्येक महिने लागू शकतात. प्रत्येक वेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा याच वेळात येतात. शाळेची वेळ गाठण्यासाठी हा अर्धा तास वाचवता येईल का, असे त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणावे लागले. ताप असेल किंवा छाती भरली असेल, तर त्या दिवशी सुई नाही. सातव्या आठवड्यात दंडावर लिंबाएवढी सूज आली, ती बर्फाने आणि गोळीने उतरली. पुढची मात्रा मात्र डॉक्टरांनी वाढवली नाही.

गणपतीत त्या कोकणात गेल्या आणि तीन आठवडे चुकले. परतल्यावर मात्रा खाली आणावी लागली, तेव्हा त्या माझ्यावरच चिडल्या. आता दुसरे वर्ष चालू आहे. सकाळच्या शिंका बऱ्याच कमी झाल्या आहेत, दिवाळीपूर्वी माळा झाडताना अजून नाक गळते, आणि अर्ध्या तासाच्या बैठकीत त्या वह्या तपासतात. पंप आता पर्समध्ये, वरच्याच कप्प्यात असतो.