करंगळी आपटल्यावर कळ उशिरा का येते?

प्रश्न: पायाची करंगळी पलंगाला आपटली की आपटल्याचं लगेच कळतं, पण खरा ठणका क्षणभराने सुरू होतो. नसांमधून करंटच जातो ना, मग एवढा उशीर कशाला? आणि दात काढताना इंजेक्शन दिलं तर ओढल्याचं जाणवतं पण दुखत नाही, हे कसं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: करंट म्हणालात ते अर्धं बरोबर आहे. तारेत सिग्नल सेकंदाला लाखाच्या वर किलोमीटर पळतो, नसेत तसं काही होत नाही. चेतापेशी शांत असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण 70 मिलिव्होल्टने निगेटिव्ह असते. धक्का बसला की पेशीच्या पडद्यातली बारीक दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि तेवढ्या जागेपुरती आतली बाजू पॉझिटिव्ह होते, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची, आणि मागे पोटॅशियम बाहेर पडून जागा परत पूर्वीसारखी होते, हे सगळं एकदोन मिलिसेकंदात. फटाक्यांची लड पेटते ना तसंच, शेवटचा फटाकाही पहिल्याइतकाच जोरात वाजतो, फक्त ही लड लगेच पुन्हा वाजायला तयार असते. म्हणून पायापासूनचा मेसेज वाटेत विरत नाही. आणि जोरात लागलं म्हणून मेसेज मोठा होत नाही, तेच मेसेज जास्त भराभर जातात एवढंच.

याचा वेग मोजता येणारच नाही असं योहानेस म्युलर या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाचं मत होतं, आणि त्याच्याच विद्यार्थ्याने, हेल्महोल्ट्झने, 1850 मध्ये बेडकाच्या पायाची नस घेऊन तो मोजून दाखवला, सेकंदाला साधारण 25 ते 40 मीटर! (गुरूला खोटं पाडायची याहून सभ्य पद्धत मला तरी माहीत नाही.)

आता तुमची करंगळी. स्पर्शाच्या नसा जाड असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, त्यात थोड्या थोड्या अंतरावर फटी असतात आणि मेसेज फटीफटीतून उड्या मारत जातो, वेग सेकंदाला 35 ते 75 मीटर. पहिली टोचल्यासारखी कळ नेणाऱ्या नसा बारीक, आवरण पातळ, वेग 5 ते 30 मीटर. आणि तो ठणका आणणाऱ्या सगळ्यात बारीक, त्यांना आवरणच नाही, सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर म्हणजे आपण चालतो तेवढाच! पायापासून मणक्यापर्यंत मीटरभर अंतर धरा, स्पर्श पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग आणि ठणक्याला जवळपास अख्खा सेकंद. पुढे मणक्यात एका पेशीकडून दुसरीकडे जाताना मध्ये फट असते, तिथे केमिकल सोडून निरोप द्यावा लागतो, पण त्यात फार वेळ जात नाही, खरा उशीर वाटेतलाच.

हे आवरण किती महत्त्वाचं ते पुणेकरांना सांगायला नको, 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) पेशंट वाढले होते ना, त्या आजाराच्या एका प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती याच मायलिनवर उलटते, मेसेज अडखळतात आणि हातपाय लुळे पडायला लागतात.

दाताच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा लिग्नोकेन किंवा त्याच्या जातीचं औषध असतं. ते सोडियमची दारंच बंद करतं, दार उघडत नाही म्हणजे मेसेज तिथेच थांबला, मेंदूला दुखल्याचा पत्ताच नाही. पण दुखण्याच्या बारीक नसा आधी बंद पडतात, दाबाच्या जाड नसा दाद द्यायला वेळ लावतात, कधी पूर्ण बंद होतही नाहीत, म्हणून ओढाताण जाणवते. हिरडीला सूज नि पू असेल तर मात्र तिथली आम्लता वाढलेली असते आणि औषध नीट लागू पडत नाही. अशा वेळी दुखलं तर दात-ओठ खात बसू नका, हात वर करून डॉक्टरांना सांगा, आणखी डोस देता येतो किंवा दुसऱ्या जागी इंजेक्शन देता येतं.