तपासलं आणि काही निघालं तर?

कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बायका येतात त्या झोप लागत नाही म्हणून, नाहीतर सुनेशी पटत नाही म्हणून. आणि निघताना, पर्स उचलता उचलता विचारतात, "मॅडम, आमच्याकडे कॅन्सर तपासणीचं शिबिर आहे. पण काही निघालं तर?" हे इतक्यांदा ऐकलंय की एकीची गोष्ट लिहूनच टाकते. ओळख पटू नये एवढे बदल केलेत.

सुनंदाताई म्हणू. वय ४६, निफाड तालुक्यात घरची द्राक्षबाग. आशाताई तीनदा बोलवायला आल्या आणि तिन्ही वेळा या मागच्या दाराने बागेत पसार. शेवटी लेक माझ्याकडे घेऊन आली.

"थोरल्या जाऊबाई तपासायला गेल्या आन् चार महिन्यांत संपल्या."

"त्यांना त्रास कधीपासून होता?"

"दोन वर्षं. पाळी जाऊनही पुन्हा अंगावर लाल जायचं. कुणाला बोलल्या नाहीत."

"मग तपासणीने गेल्या?"

"कळलं नसतं तर ते चार महिने तरी सुखानं जेवल्या असत्या."

यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. पूर्वी मी अशा वेळी माहितीपत्रकं हातात द्यायचे. ती घरी जाऊन डब्यांखाली घातली जायची. भीतीच्या बुडाशी एक वाक्य घट्ट बसलेलं असतं, ते हलल्याशिवाय माहिती आत शिरत नाही, असं माझं मत आहे. ताईंचं वाक्य होतं, "कळलं की संपलं."

तिसऱ्या भेटीला त्या उशिरा आल्या. नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस, नखांच्या कडांना बोर्डो फवारणीचा निळसर रंग.

"बाग बघत होते. डाऊनी येती अशा हवेत." डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.

"कुठे बघता?"

"पानामागं. वरनं नुसता पिवळा ठिपका असतो, उलटलं की पांढरं दिसतं."

"आणि दिसेल या भीतीने पान उलटलंच नाही तर?"

त्या हसल्या. "येडं का काय कुणी? घड जातील की सगळे." मग हसू थांबलं. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तेवढाच आवाज. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "जाऊबाईंचं पान कुणी उलटलंच नाही."

इतक्या वर्षांत मला ऐनवेळी सुचलेले चांगले प्रश्न बोटांवर मोजण्याइतके असतील. हा त्यातला एक. बाकीचं काम त्यांच्या बागेने केलं.

त्यानंतरच सांगितलेलं ऐकू गेलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि साध्या संसर्गापासून तिथवर जायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. मध्ये एवढा वेळ मिळतो आणि तपासणी असते ती याच वेळासाठी. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचं ठरलेलं आहे. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते बघतात. कापणं नाही, भूल नाही. "इथंबी पांढरंच बघतात?" ताईंनी विचारलं. तेच. पण डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. पुढची तपासणी करतात, आणि कॅन्सरपूर्वीचे बदल असतील तर बहुतेक वेळा पिशवी न काढता तिथल्या तिथे उपचार होतात.

मात्र पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त दिसणं, स्तनात गाठ लागणं, यातलं काहीही असेल तर शिबिराची तारीख बघत बसू नये. थेट डॉक्टर गाठावा.

ताई शिबिराला गेल्या. तिन्ही तपासण्या ठीक निघाल्या. निघालं ते भलतंच. हिमोग्लोबिन ८.४, जे १२ तरी हवं. आणि सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. पाळीत आठ-आठ दिवस भरपूर जायचं, जिना चढताना धाप लागायची, आणि त्या "वय झालं" म्हणून सोडून द्यायच्या. लोहाच्या गोळ्या आणि गाठीचे उपचार सुरू झाले.

परवा खाली रस्त्यावरून फोन आला. "मॅडम, नणंदेला आणलंय, पर जिना चढंना. तुम्ही काही बोलू नका तिला. मी बघते."