जहाजावरून उतरल्यावरचे महिने, पहिल्यांदा घरी येणाऱ्या जोडप्यासाठी

भाऊ, वहिनी, आधी आठ दिवस निवांत झोपा. आम्ही दोघं एकाच जहाजावर असायचो आणि पहिल्यांदा जळगावला उतरलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांकडे फिरायला लागलो, फार चुकलं ते.

पैशाचं सांगतो. साइन ऑफ झालं, म्हणजे करार संपून जहाजावरून उतरलात, की बहुतेक ठिकाणी पगार थांबतो, त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवाच, आणि भारतात किती दिवस राहिलात ते वहीत लिहून ठेवा कारण करासाठी एनआरआय (अनिवासी भारतीय) धरायचं तर भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिल्याचा हिशोब लागतो आणि सीडीसीवरचे (खलाशाच्या नोंदपुस्तिकेवरचे) शिक्केच पुरावा असतात. मेडिकल 2 वर्षांचं, बेसिक सेफ्टीचा (जहाजावरच्या सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा) रिफ्रेशर 5 वर्षांनी, तारखा आत्ताच बघा, नाहीतर पुन्हा जहाजावर जॉइनिंगच्या तोंडावर मुंबईला पळापळ होते.

मधल्या काळात काम कराच. आम्ही यावलला भावाच्या केळीत राबायचो, हाताला माती लागली की मन शांत होतं, खरंच.

आणि फिरा, पण हिवाळ्यात, मेमधलं ऊन नको. अजिंठा जळगावपासून साधारण 60 किमी, सोमवारी बंद असतं. चाळीसगावकडून पाटणादेवी नक्की करा, भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख तिथलाच, तारे बघून वाट काढणाऱ्या माणसांनी तिथं जायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तोरणमाळला एक रात्र मुक्काम करा. येताना भरीत आणि कळण्याची भाकरी खा, समुद्रावर याचीच आठवण येते.