रेडिएटरमधील तांबूस पाणी

प्रश्न : माझ्या मालवाहू ट्रकच्या रेडिएटरमध्ये मी आजवर विहिरीचेच पाणी भरत आलो. आता ते तांबूस दिसते आणि घाट चढताना इंजिन तापते. घरी सफाई करता येईल का?

उत्तर : अवश्य येईल; मात्र इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये, कारण दाबाखालचे तप्त पाणी उसळून गंभीर भाजते. तांबूस रंग गंजाचा असावा, आणि विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांचा थर नळ्यांत बसला की उष्णता नीट बाहेर पडत नाही. तळाचा कॉक उघडून पाणी भांड्यात काढावे, मग डिस्टिल्ड वॉटर भरून, केबिनमध्ये हीटर असल्यास तो चालू ठेवून, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर आपोआप उघडणारी झडप) उघडला जाऊन वरचा होज (रबरी नळी) गरम होईपर्यंत इंजिन चालवावे आणि थंड झाल्यावर पुन्हा रिकामे करावे. पाणी नितळ येईपर्यंत हेच करावे लागते. येथे घाई करू नये, ही कळकळीची विनंती.

इंजिनच्या ब्लॉकमध्ये थोडे पाणी उरतेच. म्हणून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) व पाणी यांच्या ५०:५० मिश्रणासाठी, वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या कूलिंग यंत्रणेच्या एकूण क्षमतेच्या निम्मे निव्वळ कूलंट आधी ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. हवा निघून गेल्यावर पातळी खाली जाते. ती दोन-तीन दिवस तपासावी.

इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट गोडसर पण विषारी असते. ते अंगणात सांडू देऊ नये; गुरे, कुत्री ते चाटतात.

एवढे करूनही इंजिन तापल्यास वॉटर पंप व पंख्याचा पट्टा तपासून घ्यावा.