आरडीएक्स खाणारे जिवाणू उपाशीच हवेत

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही रोडोकॉकस जिवाणूंकडून आरडीएक्सचं विघटन करून पाहतोय. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये ते भरपूर वाढतात, पण दोन दिवसांनीही आरडीएक्स जेवढ्यास तेवढं! कल्चर बिघडलं का? टीएनटी मिसळलेल्या मातीलाही हेच जिवाणू चालतील?
– दोन विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : कल्चर ठणठणीत आहे, फक्त त्याचं पोट भरलेलं आहे. रोडोकॉकस आरडीएक्सकडे वळतो तो नायट्रोजनसाठी, आणि ब्रॉथमधल्या पेप्टोनमध्ये तो आयता मिळतो. पेशी फॉस्फेट बफरने तीनदा धुवा. मिनिमल माध्यमात, म्हणजे मोजक्या क्षारांच्या साध्या द्रावणात, अमोनियम, नायट्रेट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट काहीही नको. कार्बनसाठी सक्सिनेट द्या. फ्लास्क शेकरवर हलता ठेवा, कारण या विघटनाला हवा लागते.

इथे एक छुपी चूक हमखास होते. प्रमाणित आरडीएक्स बहुधा अ‍ॅसिटोनिट्राइलमध्ये विरघळवलेलं मिळतं, आणि रोडोकॉकसच्या बऱ्याच जाती त्या द्रावकातूनच नायट्रोजन काढतात. म्हणजे पुन्हा आयतं जेवण. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं द्रावण असेल, तर १ मिलि रिकाम्या फ्लास्कमध्ये घेऊन फ्यूम हूडखाली, न तापवता, द्रावक उडू द्या. मग ५० मिलि माध्यम ओता. लिटरला २० मिलिग्रॅम होतं. याहून फार वाढवू नका, आरडीएक्स पाण्यात विरघळतंच कमी.

एवढ्याशा नायट्रोजनवर माध्यम जेमतेम धुरकट होईल. दाट वाढ दिसली, तर नायट्रोजन दुसरीकडून येतोय असं समजा.

विघटनात नायट्राइट सुटतं. नायट्राइट ओळखणारं ग्रीस (Griess) अभिकर्मक घातल्यावर गुलाबी रंग आला, तर आरडीएक्सच्या रेणूचं कडं फुटलं. मात्र वाढत्या पेशी ते नायट्राइटही फस्त करतात. म्हणून ही चाचणी धुतलेल्या, न वाढणाऱ्या दाट पेशींवर घ्या. सोबत तुलनेसाठी ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे वाफेने मारलेल्या पेशींचा फ्लास्क हवाच.

टीएनटीचं तसं नाही. त्याचं कडं सहसा फुटत नाही. नायट्रो गटांचे अमिनो गट होतात आणि ते मातीतल्या ह्युमसला चिकटतात. तिथे कंपोस्टिंग बरं. अमेरिकेत ओरेगनच्या उमाटिला लष्करी डेपोत शेणखत, भुसा, बटाट्याचा कचरा घालून अशी माती कुजवली. आपल्याकडे वायनरीतला द्राक्षाचा चोथा वापरून बघण्यासारखा आहे. नुसतं टीएनटी मोजून 'संपलं' म्हणू नका, त्यापासून बनणारी दोन्ही अमिनो-डायनायट्रोटोल्युइनही मोजा. आणि अशी माती स्वतः उकरायला जाऊ नका: वजनाने १० टक्क्यांच्या वर स्फोटक असेल, तर फावड्याचा घावही महागात पडेल.