त्या थडग्यापाशी नेऊन मुलीला काय दाखवलंत?

नमस्कार,

ग्लासगोहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी हायर्सच्या, म्हणजे स्कॉटलंडमधल्या विद्यापीठप्रवेशाआधीच्या शालेय परीक्षेच्या, वर्षाला आहे, गुण उत्तम आहेत, तिला नाटकाचं शिक्षण घ्यायचंय आणि तुम्हाला ती डॉक्टर व्हायला हवी आहे. इथवर ठीक. पण नंतर तुम्ही लिहिता, की तिला नेक्रोपोलिसमध्ये, तुमच्या शहरातल्या त्या जुन्या दफनभूमीत नेलंत, एकोणिसाव्या शतकातले नट आणि नाट्यगृहचालक जॉन हेन्री अलेक्झांडर यांच्या स्मारकापुढे उभं केलंत आणि म्हणालात, ‘नाटकवाल्याचा शेवट बघ. थिएटरात 65 माणसं मेली, मग हाही गेला.’ तेव्हापासून ती घरात नीट बोलत नाही. आणि मी तिला समजवावं, असं तुम्हाला वाटतं.

मला तुमच्याशीच बोलायचंय. 17 फेब्रुवारी 1849 च्या त्या शनिवारी डनलॉप स्ट्रीटच्या थिएटर रॉयलमध्ये, म्हणजे अलेक्झांडरांच्या नाट्यगृहात, मेलेल्यांत कितीतरी तिच्याच वयाची पोरं होती, स्वस्त तिकिटाच्या गॅलरीत बसलेली. त्यांच्या मरणाचा धाक तुम्ही सतरा वर्षांच्या मुलीला घातलात. मला याचं फार वाईट वाटलं. मार्क, प्रवेश, फी यांचं पुढे बघता येईल. घरात बोलणं बंद होणं जास्त गंभीर आहे.

शिवाय तो प्रसंगही तुम्ही अर्धाच सांगितलात. थिएटरात लागलेली आग किरकोळ होती, लगेच विझलीसुद्धा. लोक भाजून मेले नाहीत. घाबरून बाहेर धावताना गॅलरीच्या जिन्यात चेंगरले. गर्दी कुठून बाहेर काढायची, जिना किती रुंद हवा, दार कोणी उघडायचं, हा आज नाट्यगृहातल्या लोकांच्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि तो रीतसर शिकवला जातो.

‘नाटक म्हणजे तोंडाला रंग फासून उभं राहणं’ असं तुम्ही लिहिलंय. अलेक्झांडर नट होतेच, पण आयुष्याची मोठी वर्षं गेली ती नाट्यगृह चालवण्यात. 1825 मध्ये त्यांना डनलॉप स्ट्रीटची इमारत हवी होती, पण वरचा भाग प्रतिस्पर्धी सेमूर यांना मिळाला. अलेक्झांडरांनी त्याच इमारतीचं तळघर घेतलं आणि तिथे खेळ लावले. वर ‘मॅकबेथ’ रंगात यायचं आणि खालून लढाईचा गोंगाट नि धूर, असं सांगतात. 1829 मध्ये क्वीन स्ट्रीटचं थिएटर रॉयल जळालं, तेव्हा नाटकं करण्याचा अधिकृत परवाना त्यांनी मिळवला, डनलॉप स्ट्रीटची वास्तू नव्याने उभी केली आणि 1851 मध्ये वारले तोवरची बहुतेक वर्षं तिच्यापायी खर्च केली. भाडं, परवाना, बांधकाम, कंपनीचे पगार, रोजची तिकीटविक्री! याला छंद म्हणता येईल का? त्यांच्या स्मारकावर नाट्यगृहाची चौकट कोरलेली आहे. तुम्ही त्यापुढेच उभे होतात.

वाटा सांगतो. रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंड तुमच्याच शहरात आहे. अभिनयाला ऑडिशन द्यावी लागते, निर्मिती आणि रंगमंच व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. ग्लासगो विद्यापीठात नाट्यअभ्यासाची पदवी आहे. नटाला काम सातत्याने मिळत नाही ही तुमची भीती खरी आहे आणि ती तिला स्पष्ट सांगायलाच हवी, आकडे घेऊन, समोर बसून. वैद्यकीयचं म्हणाल, तर मन नसताना तिथे पाठवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तिच्यासाठीही आणि तिच्या उद्याच्या रुग्णांसाठीही.

तुमच्या तीन पानी पत्रात तिचं एकही वाक्य नाही. तिला रंगमंचावर उभं राहायचंय, विंगेत काम करायचंय की कंपनी चालवायचीय, हे मला कळलं नाही, आणि बहुधा तुम्हीही विचारलेलं नाही. आज रात्री आधी तिची माफी मागा, मग हे विचारा. पुढचं पत्र तिला लिहू दे. तुम्ही वाचून न बघता पाठवा.