प्लेटलेटचा आकडा पाहून थांबू नकोस

वारंवार घोळणा फुटतो, पाळीत फार रक्त जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही असं कुणी सांगितलं की आधी घरातल्या इतरांची चौकशी कर. आईवडील नात्यातले आहेत का, हेही विचार, कारण असे आजार आनुवंशिक असू शकतात. वॉन विलेब्रँडची (रक्त थांबवणाऱ्या एका प्रथिनातल्या दोषाच्या आजाराची) तपासणी आधी करून घे, तो आजार जास्त आढळतो.

ग्लान्झमान या प्लेटलेटच्या आनुवंशिक आजारात त्यांची संख्या ठीकच असते, पण अ‍ॅग्रिगेशनमध्ये (प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का ते बघायच्या चाचणीत) रिस्टोसेटिन हे एक रसायन सोडून कशालाच धड प्रतिसाद येत नाही. बर्नार्ड-सुलिए या प्लेटलेटच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजारात नेमका रिस्टोसेटिनलाच नाही. तिथे प्लेटलेट मोठाल्या असतात, मशीनकडून बऱ्याच मोजायच्या राहतात. म्हणून स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) स्वतः मायक्रोस्कोपखाली बघच. अशा मुलांना आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते आणि त्या कमी होतात, तो आजार) समजून स्टिरॉइड दिली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हो, रुग्णाने नुकतीच अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर अ‍ॅग्रिगेशनच्या रिपोर्टवर विसंबू नकोस.